बोअरच्या पाण्यावरची हिरवळ आणि चोंदलेले फवारे

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): घरापुढच्या दीड गुंठा हिरवळीला आम्ही बोअरचे पाणी देतो. दिवाळीनंतर पाचांपैकी दोन फवारे जेमतेम हातभर उडतात, त्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसतो आणि नेमके त्याच बाजूचे गवत पिवळे पडले आहे. फवारे बदलावेत का?

उत्तर (मिरज): घाई करू नये, तो थर क्षारांचा आहे. फवाऱ्याचे तोंड आणि आतली जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासावी. छिद्रात तार मात्र घालू नये, कारण भोक मोठे झाले की पाण्याचा फेर बिघडतो.

उत्तर (तासगाव): द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांना आम्ही आम्लप्रक्रिया करतो (आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही), पण दीड गुंठ्यासाठी तो उद्योग नको. पात्यांवर उभ्या हिरव्या-पिवळ्या रेघा असतील, तर चुनखडीच्या जमिनीत नेहमी आढळणारी लोहाची कमतरता असू शकते. काळ्या मातीत थंडीच्या दिवसांत रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांआड सकाळी लवकर भरपूर पाणी द्यावे, आणि कापताना एक तृतीयांशाहून अधिक उंची काढू नये.

प्रश्नकर्ता: जाळीत चिमूटभर वाळूही निघाली. एक फवारा पूर्ववत झाला. दुसऱ्याची जाळी फाटलेली असल्याने तेवढीच बदलतो.