विरोधक हवेत कशाला?
कोणीतरी म्हटलंय की विरोधक नुसता सभात्याग करतात, मग हवेत कशाला. अर्धं पटलं. पण 2024 ला विधानसभेत 288 पैकी उबाठा (उद्धव ठाकरेंची शिवसेना) 20, काँग्रेस 16, शरद पवारांचे 10, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारा 29 चा आकडा एकालाही गाठता आला नाही (आणि ती दहा टक्क्यांची अट कायद्यात नाहीच, नुसता प्रघात!). आमच्या नवी मुंबईत तर 2020 ला महापालिकेची मुदत संपली नि पुढे कित्येक वर्षं प्रशासक, विरोधक सोडा हो, नगरसेवकच नव्हते, तेव्हा बजेटवर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणार होतं कोण? बाकी संसदेत लोकलेखा समितीचं (सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी समिती) अध्यक्षपद 1967 पासून विरोधकांकडेच असतं, ते काम टीव्हीवर दिसत नाही एवढंच.