चर्चा: डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या मुलाला 'ते खोटं असतं' सांगावं, की कसं करतात ते दाखवावं?

रिंगसाइड, म्हापसा

गोव्यातल्या बहुतेक घरांत डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीची टीव्हीवरची कुस्ती पाहणाऱ्या मुलाला एकच उत्तर मिळतं: 'सगळं खोटं असतं ते, बंद कर टीव्ही.' या वाक्यानं मूल कुस्ती सोडत नाही आणि सुरक्षितही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. 'खोटं' ऐकलं की त्याच्या मनात बसतं, आपटलं तरी लागत नाही. मग धाकट्या भावाला चिऱ्याच्या ओट्यावरून खाली आपटायला ते मोकळं.

त्याला सांगायचं ते असं: निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. आणि मग पडणं दाखवायचं. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग 20 फूट बाय 20 फूट. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. फळ्या किंचित दबतात, त्यामुळे झटका थोडा पसरतो आणि आवाज दणदणीत येतो. गादी म्हणावी असं त्यात काही नाही. मागे पडताना पैलवान हनुवटी छातीला चिकटवतो, श्वास बाहेर सोडतो, खांद्यांची दोन्ही पाती एकाच क्षणी टेकवतो आणि हात तिरके पसरून तळवे आपटतो. या पडण्याला बंप म्हणतात. हनुवटी सुटली तर डोकं मागे झटकतं. घाबरून हात मागे टेकला तर मनगट किंवा कोपर जातं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला एकच सामना दोनदा दाखवा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. ठोसा मारणारा त्याच क्षणी पाय का आपटतो? चोकस्लॅम (गळा धरून उचलून आपटण्याचा डाव) खाणारा स्वतः उडी मारतो का? त्याचा हात कुठे आहे? (समोरच्याच्या मनगटावर किंवा दंडावर, रेटा देऊन वर चढायला.) पकडीत दोघांची तोंडं एकमेकांच्या कानाजवळ का जातात? (पुढचा डाव तिथे सांगितला जातो.) हे एकदा दिसलं की मुलाला कळतं, आपल्याला मारामारी वाटते ती दोन माणसांची जोडकसरत आहे, आणि दुसरा तयार नसेल तर ती होऊच शकत नाही.

डिचोलीकर

रिंगसाइड बाब, हेतू चांगला आहे, पण याच जागी तुमचा सल्ला धोक्याचा होतो. हनुवटी कुठे, तळवे कुठे हे मुलाला सांगितलंत की ते पाहून थांबणार नाही, करून बघेल. 'खोटं आहे' ऐकलेलं मूल निदान अडाणी असतं. तुमचं मूल 'मला येतं' असं समजून दोन खुर्च्यांवरून पडेल.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मानेचे स्नायू कमी ताकदीचे. मोठा माणूस ज्या झटक्यात हनुवटी धरून ठेवतो, त्यात दहा वर्षांच्या मुलाची सुटते. तंत्र माहीत असून उपयोग नाही, ते धरून ठेवायला मान लागते.

तयार माणसांचंही काय होतं ते बघा. 3 ऑगस्ट 1997 च्या समरस्लॅममध्ये (कंपनीचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम) ओवेन हार्ट या पैलवानानं स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरून पाइलड्रायव्हर मारला. या डावात उलट्या माणसाचं डोकं मारणाऱ्याच्या मांड्यांच्या पातळीच्या वर राहायला हवं. अंडरटेकर हा पैलवान गुडघ्यांवर उतरायचा, धक्का त्याचे गुडघे आणि नडग्या घ्यायच्या, डोकं अधांतरी राहायचं. ओवेन गुडघ्यांवर न उतरता खाली बसला आणि ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली काही इंच उघडं होतं. सगळा भार मानेवर आला, काही वेळ ऑस्टिनला हातपाय हलवता येईनात. चूक काही इंचांचीच होती, दोघेही वर्षानुवर्षं हेच काम करणारे, आणि तरी त्या मानेमुळे ऑस्टिनला 2003 साली रिंग सोडावी लागली. ऑक्टोबर 1999 मध्ये ड्रॉझ हा पैलवान एका पॉवरबाँबमधून (उचलून पाठीवर आपटण्याचा डाव) चुकीचा पडला आणि मानेखालून कायमचा पांगळा झाला.

हे शिकवून सांभाळता येईल असं मला वाटत नाही. मुलानं ते पाहूच नये.

पेडण्याचा रसिक

मला दोघांचंही पटत नाही. आपल्याकडे दशावतारी काल्याला गावातलं सगळं पोर जत्रेत मांडी घालून बसतं. संहिता नसते. कथानक आधी सांगितलेलं असतं, कोण मरणार ते ठरलेलं, संवाद मात्र तिथल्या तिथे सुचतील तसे. पेटी, पखवाज, झांजा चढायला लागल्या की तलवारी घेऊन युद्ध सुरू. संकासुराचा शेवट विष्णूच्या हातून होणार हे मागच्या रांगेतल्या आजीलाही माहीत असतं. पण प्रयोगाआधी मुलाला रंगपटात नेऊन 'हा बघ, हा अमक्याचा मुलगा, तोंडाला काळा रंग लावलाय' असं कोणी सांगत नाही.

प्रोफेशनल कुस्तीचं व्याकरण तेच आहे. खलनायकाला हील म्हणतात, नायकाला बेबीफेस. शेवट ठरलेला, मधलं रिंगमध्ये जमेल तसं. पडदा टिकवून ठेवण्याच्या रिवाजाला केफेब म्हणतात आणि तो मोडला की मुलाकडून काहीतरी हिरावलं जातं. आठ वर्षांच्या मुलाला अंडरटेकर दिवे विझल्यावर येतो एवढंच कळू दे. बाराव्या-तेराव्या वर्षी ते आपणच ओळखतं, आणि ओळखण्याचा आनंद त्याचाच असू दे. आवाज बंद करून दोनदा दाखवणं म्हणजे काल्याला ट्यूबलाइट लावून बसणं.

रिंगसाइड, म्हापसा

रसिक बाब, काल्याची उपमा मला मान्य, निष्कर्ष नाही. जत्रेत रंगपटाच्या कनातीला डोळा लावणारी मुलं असतातच, आणि तीच पहाटेपर्यंत जागतात. रंग लावताना पाहिल्यामुळे संकासुराची भीती कमी झालेली मी तरी ऐकली नाही.

शिवाय पडदा कंपनीनं स्वतःच उचललाय. 1989 मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे त्यांनीच मांडलं की हे करमणुकीचं काम आहे, खेळाची स्पर्धा नव्हे. कारण व्यवहाराचं होतं: स्पर्धा म्हटली की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर लागू. आज कुठलंही मूल फोनवर दोन मिनिटांत हे शोधून काढतं. प्रश्न इतकाच की ते घरातल्या माणसाकडून कळतं की वर्गातल्या चिडवणाऱ्याकडून.

मडगावकरीण

तुम्ही सगळे पूर्ण सामन्याबद्दल बोलताय. मुलं पूर्ण सामना बघतात कुठे?

रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा दर आठवड्याचा कार्यक्रम, पूर्व अमेरिकेच्या वेळेनं सहसा सोमवारी रात्री आठला लागतं तेव्हा इथे मंगळवारची पहाट असते, उन्हाळ्याच्या वेळेत साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. शाळेच्या दिवशी ते कोण बघणार? आधी टेन स्पोर्ट्स, मग सोनीवर पुनःप्रक्षेपण तरी असायचं आणि घरातलं कोणी शेजारी बसलेलं असायचं. एप्रिल 2025 पासून भारतात ते नेटफ्लिक्सवर आहे, म्हणजे ज्या घरी वर्गणी नाही तिथल्या मुलांच्या वाट्याला फोनवरचे तुकडेच. वीस-तीस सेकंद, त्यात फक्त आपटणं. आधीची पकड नाही, समोरच्याची उडी नाही, पडल्यानंतर पाच मिनिटं न उठणंही नाही. डाव खाल्लेला माणूस दुखणं दाखवतो त्याला सेलिंग म्हणतात, आणि ते कापलं की हिंसेचा परिणामच कापला जातो. उरतो तो आवाज.

म्हणून मी डिचोलीकरांच्या 'पाहूच नये' याच्या विरोधात आहे. बंदी पूर्ण सामन्यावर बसते, तुकडे सुरूच राहतात. आठवड्यातून एक अख्खा सामना, शेजारी मोठं माणूस, हे तुकड्यांपेक्षा शंभर पटींनी बरं.

एक मुद्दा कोणीच काढला नाही. मुली. 2016 पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईत त्यांना 'डिव्हा' म्हणत आणि कित्येकदा सामना दोन-तीन मिनिटांत गुंडाळत. एप्रिल 2019 च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, शेवटचा, मुख्य सामना पहिल्यांदा बायकांचा झाला. आज मुलगी जे बघते ते तिच्या काकानं बघितलेलं नव्हे. जुने तुकडे तिला द्यायच्या आधी विचार करा.

फोंडा तालीम

मूल कुस्तीवेडं आहे ना? मग त्याला कुस्तीला घाला. एवढी चर्चा कशाला?

पडायला शिकायचं एक ठरलेलं क्रमवार शिक्षण असतं. ज्युडोत त्याला उकेमी म्हणतात: आधी पाठीवर आडवं पडून फक्त हात आपटायचे आणि हनुवटी धरायची, मग बसून मागे लोळायचं, मग उकिडवं, सगळ्यात शेवटी उभ्यानं. प्रत्येक टप्प्याला आठवडे जातात. मॅटवरच्या कुस्तीतही मान आणि कंबर तयार झाल्याशिवाय फेक देत नाहीत. मॅट 12 मीटर चौरस, आत 9 मीटरचं वर्तुळ, आणि शेजारी शिट्टी घेऊन उभा माणूस. हात न अडकवता नुसती मान धरून फेकणं तिथे नियमाबाहेर आहे. मातीच्या आखाड्यातही तांबडी माती खोदून, चाळून, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ राखतात, कारण पडणारा आपलाच असतो.

टीव्हीवरचा डाव करायची खुमखुमी मुलाला धोबीपछाड शिकायला मिळाला की जाते. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं ते कुठल्याही पटकथेशिवाय. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यातच झाल्या, कुस्तीही होती. खरं दाखवायला लांब जायला नको.

पेडण्याचा रसिक

फोंडा बाब, अंडरटेकर आवडणाऱ्या मुलाला मॅटवर पाठवणं म्हणजे काला आवडणाऱ्याला तलवारबाजीच्या वर्गात घालणं. त्याला कथा आवडते. हील बेबीफेसला फसवतो, रेफरीचं लक्ष नसतं, मूल ओरडतं 'मागे बघ!' फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. योग्यच आहे, पण त्यात 'मागे बघ' नाही. दोन्हींचा मान वेगळा ठेवा.

फोंडा तालीम

मान वेगळाच ठेवतो. मात्र कथा आवडणाऱ्या मुलाचे गुडघेही हाडांचेच असतात. नुसती कथा बघून ते गप्प बसत नाही, उड्या मारतं. त्या उड्यांना जागा कुठली द्यायची, एवढंच मी सांगितलं.

डिचोलीकर

जागेवरून आठवलं. मुलं मिरामारला किंवा कळंगुटला वाळूवर हे डाव करतात आणि मोठे लांबून बघत 'वाळूच आहे' म्हणतात. लाटा पोचतात तिथली ओली वाळू दाबून घट्ट झालेली असते, तिच्यावर पाठीवर पडणं जमिनीवर पडण्यासारखंच. कोरडी वाळू मऊ, पण पाय रुततो, घोटा मुरगळतो, उचलणाऱ्याचा तोल जातो आणि वरचं मूल डोक्यावर येतं. पलंगावरची गादीही तशीच. स्प्रिंगमुळे मूल उसळतं आणि कडेच्या लाकडावर किंवा खालच्या फरशीवर जातं.

आणि गळ्याची पकड. टीव्हीवरच्या स्लीपरमध्ये हात सैल असतो. तोच हात खरा दाबला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. यात आपटणं नाही, आवाज नाही, म्हणून ते खेळासारखं दिसतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

रिंगसाइड, म्हापसा

डिचोलीकर बाब, तुमचा पहिला आक्षेप मी अर्धा मान्य करतो. बंप कसा घेतात हे अवयवागणिक सांगू नये, ते करून बघण्याचं आमंत्रण ठरतं. पडणारा किती मदत करतो एवढंच दाखवावं. आरकेओ घ्या. मारणारा मान धरून उडी घेतो असं दिसतं, पण खाणाराही उडी मारतो आणि हात-छातीवर उतरतो. त्यानं पाय जमिनीवर ठेवले तर मान ओढली जाईल. हे कळलेलं मूल झोपेत असलेल्या भावावर आरकेओ मारणार नाही, कारण भाऊ उडी मारणार नाही हे त्याला माहीत असतं.

स्लीपरबद्दल तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं सांगावं, वय कितीही असो. मानेला हात नाही, कोणाला उलटं धरायचं नाही, हे दोन नियम समजावून सांगण्याचे नाहीत, पाळण्याचे आहेत. कंपनीनंही तेच केलं. पाइलड्रायव्हर जवळजवळ सगळ्यांना बंद केला आणि 2010 मध्ये खुर्चीनं डोक्यावर मारणंही बंद केलं. जे तयार पैलवानांना परवडलं नाही ते मुलाला कसं परवडेल, हा तर्क दहा वर्षांच्या मुलाला सहज पटतो.

मडगावकरीण

शरीराबद्दलही बोला. तेरा-चौदाच्या मुलाला ते दंड हवे असतात आणि जिममध्ये कोणीतरी पावडर पुढे करतो. नोव्हेंबर 2005 मध्ये एडी ग्युरेरो हा पैलवान 38 व्या वर्षी हृदयविकारानं गेला, त्यानंतर 2006 मध्ये कंपनीनं औषधचाचण्यांचं धोरण आणलं. हे मुलाला सांगा. ते त्याच्या आवडत्या माणसाबद्दल असतं, म्हणून ऐकतं.

डिचोलीकर

एवढं सगळं सांगणारं मोठं माणूस शेजारी बसणार असेल तर माझा विरोध कमी होतो. किती घरांत बसतं हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला आशादायक वाटत नाही. म्हणून दहाच्या आत नाही, यावर मी ठाम आहे.

जिथे पाहतातच, तिथे एक खूण मुलाला नक्की शिकवा. रेफरी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरतो तेव्हा दुखापत बहुतेकदा खरी असते, सगळे थांबतात आणि डॉक्टर येतो. खेळताना कोणीही फुली केली की हात सोडायचा. मान दुखतेय, हातपाय बधिर झालेत असं मूल म्हणालं तर उचलून बसवू नका, डोकं हलू देऊ नका, 108 ला फोन करा. डोक्याला लागल्यावर उलटी, गुंगी किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

पेडण्याचा रसिक

फुलीची खूण मला मान्य. आठव्या वर्षी सांगितली तरी चालेल. बाकीचा रंगपट बारापर्यंत झाकलेलाच बरा.