सगळेच करतात त्याला विचलन म्हणायचं का? (कळवा कारशेड)

खारेगावची
एम.ए. समाजशास्त्राचं पहिलं वर्ष, नोकरी सांभाळून. 'विचलित वर्तन' (म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं, विचलन) या घटकावर छोटा प्रकल्प द्यायचाय. वर्गात बहुतेकांनी दारू नाहीतर बालगुन्हेगारी उचललीय. मला माझं रोजचंच घ्यायचंय.

कळव्याचे बरेच लोक सकाळी स्टेशनात न जाता कारशेडात, म्हणजे लोकल उभ्या करतात तिथे, जाऊन ठाण्याहून सुटणारी रिकामी लोकल पकडतात. खडी तुडवत जायचं आणि थेट जमिनीवरून डब्यात चढायचं. फलाट नाही, त्यामुळे दाराची कड छातीपाशी येते. वयस्कर मावश्यांना आधी वर ओढतात, पिशव्या नंतर. गाडी ठाण्याला लागते तेव्हा आम्ही बसलेल्या असतो आणि ठाणेकर बायका तोंडाला येईल ते बोलतात.

रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : विनापरवाना हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आमच्या डब्यातल्या ग्रुपात सगळ्यांना माहीत आहे, पण गुन्हा केल्यासारखं कुणालाच वाटत नाही. उलट मागे एक नवी मुलगी एका काकूंच्या ठरलेल्या खिडकीत बसली आणि उठेना. आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही, पिशवी वर ठेवायला कुणी हात दिला नाही. मग इथे नियम मोडला कुणी? आमचे सर म्हणतात, समाजशास्त्रज्ञ मर्टनचा सिद्धांत लाव. लावला, बसतोही, पण काहीतरी बाहेर राहतंय.

चेंदणीकर
ह्यात समाजशास्त्र कसलं आलंय? आम्ही पैसे भरून पास काढतो, फलाटावर उभे राहतो आणि 'ठाणे लोकल' म्हणून येते ती अर्धी भरलेली. वर हे लोक पत्ते कुटत असतात. दोन दिवस दंड लावा, सगळं विचलन सुटेल. आणि कुणी गाडीखाली आलं की मोर्चा रेल्वेवरच.

खारेगावची
पास आमच्याकडेही असतो, दादा. आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून मेली. त्यानंतर माझी आई स्वतः म्हणाली, कारशेडातूनच जा.

पाचपाखाडी
मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, म्हणून थोडं लांबण लावते.

मर्टनची १९३८ ची मांडणी इथे बसते हे खरं. बसायला जागा आणि वेळेवर हजेरी, ही उद्दिष्टं सगळ्यांना मान्य. सरळ मार्गानं ती मिळत नाहीत, मग लोक दुसरा मार्ग काढतात. त्याच्या भाषेत हे नवप्रवर्तन. पण मर्टन ताण कुठून येतो ते सांगतो. तुमची खिडकीवाली मुलगी त्यात सापडायची नाही. तिच्यासाठी दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाकडे जा. १८९५ मध्ये त्यानं म्हटलं होतं की अगदी संतांची वस्ती केली तरी तिथे गुन्हे उरतीलच, आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या चुका तिथे गुन्हे ठरतील. कायदा मोडणाऱ्यांच्या डब्यातही कडक कायदा असतो. त्या आठवड्याच्या अबोल्यानं मुलीला शिक्षा झालीच, पण खिडकी कुणाची हे बाकीच्यांनाही नव्यानं कळलं.

'सगळेच करतात' हे वाक्य मात्र तपासा. सगळे म्हणजे कोण? त्याच रुळांवर त्याच वेळी बाटल्या वेचणारी पोरं असतात. कलम तेच, खडी तीच. आरपीएफवाला (रेल्वे सुरक्षा दलाचा जवान) तुम्हाला काय म्हणून हाक मारतो आणि त्यांना काय म्हणून, ते लिहून काढा. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरनं १९६३ मध्ये हेच मांडलं : विचलन हा कृतीचा गुण नसतो, इतर लोक नियम कुणाला लावतात त्यावर ते ठरतं. तुमच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड असतं म्हणून तुम्ही प्रवासी ठरता.

हे परदेशी वाटत असेल तर आपल्याकडचं घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. सोलापूरला त्यांना ठेवायची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट (वसाहत) होती, हजेरी द्यावी लागायची. १९५२ मध्ये कायदा गेला, लोक विमुक्त झाले, तरी चोरी झाली की पोलीस अजून आधी कुठल्या पालावर जातात हे सांगायला नको. तुमच्या प्रकल्पात कारशेड नि हे शेजारी शेजारी आलं पाहिजे, असं माझं मत.

रिटर्नवाला
मॅडमनी भारी लिहिलंय. माझी एक भर. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कारशेडातून निघालेली एसी लोकल कळवेकरांनी रुळांवर उभं राहून अडवली होती, आठवतंय? एसीची दारं बंद, चढणार कसे! म्हणजे जी गोष्ट कायद्यानं करायचीच नाही, ती बंद झाली म्हणून आंदोलन. इतकी वर्षं चालू दिलं की सवलत हक्क होते. ह्याला तुमच्यात काय म्हणतात ते माहीत नाही, पण प्रकल्पात घालच.

आणि चेंदणीकर, मुलुंडहून उलटे ठाण्याला येऊन त्याच गाडीत बसून राहणारे काय वेगळं करतात? मी करतो, म्हणून विचारतोय.

चेंदणीकर
ते तिकिटात बसतं का ते बघा आधी. आमचं निदान फलाटावरून तरी असतं.

पाचपाखाडी
खारेगावची, वरचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे पाच प्रकार सांगितले होते. 'आमच्यावर बोट दाखवणारे तरी कुठे सरळ आहेत' हा त्यातलाच एक, आणि या चर्चेत तो दोन्ही बाजूंनी येऊन गेला.

खारेगावची
उतरवलं. बाटल्या वेचणाऱ्या मुलांशी बोलायचं तर त्यांच्या घरच्यांना आधी विचारावं लागेल, ते शनिवारी करते. ग्रुपमध्ये आज परवानगी मागितली. पत्ते वाटता वाटता एक मावशी म्हणाल्या, नाव लिही, फोटो लाव, काय हवं ते कर, फक्त गाडीची वेळ लिहू नको.