प्रार्थनाही होते, सेवाही होते, तरी मन कोरडंच. काय बदलावं?

वसईची_पारू:
रोज रात्री घरी रोझरी (मण्यांच्या माळेवरची मरियेची प्रार्थना), रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि महिन्यातून दोनदा पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गटाबरोबर आजाऱ्यांच्या भेटी. सगळं नेमानं चालतं, पण रोझरी उरकल्यासारखी होते आणि भेटीहून परतताना चिडचिड होते. प्रार्थनेचा वेळ वाढवायचा का? उपदेश नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

नंदाखालकर:
वेळ वाढवू नका, आहे तोच नीट वापरा. पाच रहस्यांना (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी) वीसेक मिनिटं लागतात. बारा मिनिटांत संपत असेल तर दुखणं तिथेच आहे. रहस्य जाहीर झालं की अर्धा मिनिट गप्प बसा आणि त्या दहा मण्यांसाठी एकाच माणसाचं नाव घ्या, येत्या भेटीत ज्याच्याकडे जायचं आहे त्याचं. 'सगळ्या आजाऱ्यांसाठी' म्हटलं की कुणाचाच चेहरा समोर येत नाही.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये असतात. त्यातलं दुसरं बघा. येशूची आई होणार हा देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया लगबगीनं डोंगराळ मुलखात नातलग एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. तिचं स्तुतिगीत तिच्या ओठी आलं ते नाझरेथला, स्वतःच्या गावी नव्हे, दुसऱ्याच्या घरी. प्रार्थना आणि सेवा यांची सांगड याहून सोपी करून कुणी दाखवलेली नाही, असं माझं मत.

आता भेटी. दोघींनी मिळून जा. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या, गरजूंच्या घरी भेटी देणाऱ्या कॅथलिक व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत हीच रीत आहे. निघण्याआधी प्रभूची प्रार्थना. घरात गेल्यावर उभ्यानं बोलू नका, खाटेजवळ बसा. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. आधी ऐकायचं, प्रार्थना शेवटी, तीही आजाऱ्याला विचारून. चिडचिडीचं कारण बहुतेक वेळा एका दुपारी सहा-सात घरं उरकणं हेच असतं. तीनच घरं घ्या. आणि औषधाचा खर्च, सरकारी कागदपत्रं यांचा शब्द तिथल्या तिथे देऊ नका, गटात विचारून सांगा. पाळता न आलेला शब्द पुढच्या भेटीला जड करतो.

मौनसाधक:
भेटींबद्दल सगळं पटलं, वेळेबद्दल नाही. मन कोरडं असताना ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं अधिकच थांबावं, असं जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला सांगतात, नाहीतर कंटाळा आला की उठायची सवय लागते. दोन मिनिटं जास्त, बस. शिवाय अशा काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, म्हणजे आत्ता गट सोडू नका. कोरडेपणाची कारणं ते तीन देतात: आपली हयगय, आपली परीक्षा, किंवा सांत्वन (प्रार्थनेत मिळणारा ओलावा) हे आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. हयगय असेल तरच दुरुस्ती करता येते. बाकी दोन्हींत धीर धरायचा.

झोपण्यापूर्वी दिवसाची झडती घ्या: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं. लोक चुकतात ते इथे, की आभार एका वाक्यात गुंडाळतात आणि सगळा वेळ चुका मोजण्यात घालवतात. मग झोपताना मन आणखी खट्टू.

नगरी_उपासक:
आमच्या मंडळीत रोझरी नाही, पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय सगळ्यांचाच. संध्याकाळभर आजारी बरे केल्यावर येशू दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, 'सगळे तुम्हाला शोधताहेत' म्हणाले, तरी तो मागे न वळता पुढच्या गावांना निघाला. सगळ्यांना पुरे पडायचा अट्टहास त्यानंही धरला नाही.

आणखी एक. भेटीचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं बंद करा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान आणि प्रार्थना दोन्ही गुप्तपणे करायला सांगितलंय, आणि आजाऱ्याची अब्रूही राहते.

वसईची_पारू:
आभारी आहे. पण तीनच घरं घेतली तर उरलेल्यांचं काय?

नंदाखालकर:
जोडीला घरं ठरवून द्या. दर वेळी नवीन माणूस गेला की आजारी तीच कहाणी पुन्हा सांगून थकतो. जोड्या कमी पडल्या तर एका घराला महिन्यातून एकच भेट, पण तारीख आधी कळवून. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) हवं असणाऱ्यांची यादी वेगळी करून फादरांकडे द्या, त्यासाठी नेमलेले सेवक वेगळे असतात.