निलगिरीचे दोन थेंब आणि 'काही होत नाही'वाले

वाफाळता चहा: सोसायटीच्या ग्रुपवर काल 'निलगिरी तेलाचे 21 घरगुती उपयोग' येऊन पडलं. रुमालावर शिंपडा, गुडघ्याला चोळा, फरशी पुसा, इथवर माझी तक्रार नव्हती. नवव्या नंबरला 'तान्ह्या बाळाच्या नाकाखाली एक थेंब', चौदाव्याला 'खोकल्यावर साखरेत दोन थेंब, आयुर्वेदाची हजारो वर्षांची देणगी'. खाली नमस्कारांची रांग. हे तेल पोटात घ्यायचं नसतं, असं मी लिहिलं, तर उत्तर आलं, "ताई, नैसर्गिक आहे, काही होत नाही." धोतराही नैसर्गिकच आहे की!

आता का चिडले ते सांगते. माझ्या अडीच वर्षांच्या भाच्याने टीपॉयवरची बाटली तोंडाला लावली होती. फार तर टोपणभर गेलं असेल. दहा मिनिटांत ओकला, मग मान टाकली. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. आईने मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा घाट घातला होता. तेही करायचं नसतं, तेल फुफ्फुसात उतरतं, हे दवाखान्यात कळलं. वाचला बिचारा. लहान मुलाला चहाच्या चमच्याएवढं तेल झटके यायला पुरतं. आता बोला.

पाटावरवंटा: बाटली उघडी ठेवली तुम्ही आणि दोष तेलाला? फिनेल प्यायलं असतं तर फरशी पुसणं बंद केलं असतं का? आमच्या आजीने अकरा नातवंडं वाढवली. सर्दी झाली की गंजात उकळतं पाणी, चार थेंब, डोक्यावरून चादर. एकालाही काही झालं नाही. हल्ली डॉक्टरला पाचशे रुपये मोजल्याशिवाय शिंकसुद्धा बरी होत नाही लोकांची.

उटी रिटर्न: आजीला नमस्कार, पण 'हजारो वर्षं' खोडा. झाड ऑस्ट्रेलियाचं. टिपूने नंदी हिल्सवर लावलं म्हणतात ते 1790च्या आसपास, आणि निलगिरीच्या डोंगरात इंग्रजांनी आणलं 1843च्या सुमारास, सरपणासाठी. डोंगराचं नाव आपण झाडाला चिकटवलं. चरकाने याचं पान हुंगलेलं नाही.

पाटावरवंटा: मिरचीही बाहेरूनच आली. उद्यापासून ठेच्यात मिरं घाला.

उटी रिटर्न: ठेचा 'चरकाने सांगितला' म्हणून कोणी फॉरवर्ड करत नाही हो.

औषधाचं दुकान: माझं काउंटरवरचं निरीक्षण: पावसाळा लागला की तेलाची बाटली मागायला येणाऱ्यांत निम्म्यांच्या कडेवर मूल असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकातोंडाजवळ हे नकोच, श्वासनलिका आखडू शकते. कापराचंही तेच. ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. आणि फिट्स येणाऱ्या मोठ्या माणसांनीही जपून. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापराची तेलं नुसती हुंगून, चोळून झटके आलेल्या रुग्णांची नोंद केली आहे.

राहिलं नाक मोकळं होणं. ब्रिटनमधल्या कार्डिफला 1983 साली मोजून पाहिलं होतं. वास घेतल्यावर लोकांना श्वास मोकळा वाटतो, नाकातून जाणारी हवा मात्र तेवढीच. थंडावा जाणवतो, इतकंच.

पाटावरवंटा: वाटतं ना मोकळं? झोप लागते ना? मग मला हवा मोजायची नाहीये.

माळरान: जरा अवांतर. निलगिरीचं नाव काढलं की माझं रक्त उकळतं. सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत आमच्या गावठाणाला लागून ही झाडं लावली. खाली गवताची काडी उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, पाखरू घरटं करत नाही. शेजारच्या आडाला पूर्वी मेपर्यंत पाणी असायचं, नंतर होळीलाच कासरा तळाला टेकायला लागला. कर्नाटकाने 2017ला नवीन लागवड बंद केली ती उगाच? तुम्ही बसा थेंब मोजत.

बांधावरचा: आला परत आडाचा मुद्दा! भाऊ, त्याच काळात गावात बोअर किती पडले, ऊस किती वाढला, ते सांगा आधी. निफाडला विनायकदादा पाटलांनी निलगिरीची शेती उभी केली, ते काय अडाणी होते? माझ्या वडिलांनी मुरमाड एकरात लावली, सात वर्षांनी तोडून बहिणीचं लग्न केलं. कर्ज नाही काढलं.

माळरान: लग्न तुमच्या बहिणीचं आणि पाणी गावाचं. छान हिशोब. उसाला शिव्या द्यायला मी पहिला उभा राहीन, पण निदान उसाची लावणी करून कोणी 'पर्यावरण' म्हणत नाही.

बांधावरचा: बहिणीपर्यंत जायचं काम नाही. शब्द मागे घ्या.

माळरान: तुम्हीच आणलीत तिला धाग्यात. बरं, मागे घेतला. पाण्याचा मागे घेत नाही.

बांधावरचा: खोल मुळांचं झाड, कमी पावसाच्या जमिनीत दाट लावलं तर पाणी ओढणारच, एवढं मान्य. बांधावर एक रांग लावली म्हणून आड आटत नाही. आता बास.

चकलीवाली: पाण्यावरून मारामारी झाली असेल तर एक विचारू? आमच्या कॉलनीत निलगिरी आहे, सासूबाई तिची पानं उकळून वाफारा घेतात. पानाला लिंबासारखा वास येतो. चालेल का?

उटी रिटर्न: लिंबाचा वास म्हणजे ती जात वेगळी. औषधाच्या तेलात सिनिओल हा मुख्य घटक हवा, साधारण सत्तर टक्के. तुमच्या झाडात तो नावाला, त्याचं तेल साबणात आणि डास पळवायला जातं. उटीला गळालेली पानं गोळा करून तांब्याच्या भांड्यात भरतात आणि तेल काढून झालं की तीच चोथा झालेली पानं वाळवून भट्टीत घालतात. डोळे चुरचुरतात, पण बघण्यासारखं असतं. टुरिस्टांना रस्त्यावर मिळणाऱ्या बाटलीत टर्पेंटाइन किती, हा प्रश्न मात्र विचारू नका.

चकलीवाली: अरे देवा. मी चार बाटल्या आणल्यात.

औषधाचं दुकान: फरशी पुसा. स्टिकरचा डिंकही निघतो.

वाफाळता चहा: पाटावरवंटा, तुमच्या त्या चादरीबद्दल. आमच्या शेजारच्या मुलीच्या मांडीवर असाच गंज कलंडला होता. तेलाने नाही, पाण्याने भाजली. डाग अजून आहेत.

पाटावरवंटा: ...हे खरं आहे. आमच्या धाकट्या चुलतभावाच्या पायावर तसाच डाग आहे, आजी 'देवाने वाचवला' म्हणायची. ठीक आहे, अकरात एक धरा. साखरेतले थेंब बंद, पोरांचा वाफारा बंद. रुमाल सोडणार नाही, विद्वानांनी खुशाल हवा मोजावी.

वाफाळता चहा: रुमाल ठेवा. बाटली तेवढी वरच्या फळीवर.

माळरान: आणि 2017च्या बंदीवर कोणी काही बोललंच नाही.