वॉक घेतलात, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

धागाकर्ती, नौपाडा
आमच्या ओट्याखाली दोन वर्षं एक वॉक, म्हणजे चिनी कढई, पालथा पडलाय. परवा लेक म्हणाली, "आई, वापर नाहीतर भंगारवाल्याला दे." द्यायला जीव होईना. ज्यांच्या घरी हे धूड आहे त्यांनी लिहा: कुठला घेतलात, वापरता का, चिकटतं का. पाककृती नकोत, त्या दुसरीकडे.

ऐरोलीहून
कार्बन स्टीलचा, 14 इंची, गोल बुडाचा. खोक्यातून निघाला तोच काळसर चकचकीत, त्यामुळे तयारच आहे असं समजून धुतला आणि फोडणी टाकली. कांद्याला मशीनच्या तेलाचा वास! गंजू नये म्हणून कारखान्यात वरून थर देतात, तो आधी काढायचा असतो हे तेव्हा कळलं. काथ्या, साबण, अर्धा तास. मग खिडक्या उघडून रिकामा मोठ्या आचेवर. पत्रा आधी पिवळट, मग जांभळा, निळा आणि शेवटी राखाडी होत गेला. सांडशीने धरून कडेपर्यंत फिरवत राहिलो. शेजारच्या काकू जिन्यातून विचारत होत्या, "अहो, काही जळतंय का?"

त्यानंतर जुन्या पंचाच्या तुकड्याने शेंगदाणा तेलाचा हात. इथे माती खाल्ली. तेल भरपूर लावलं आणि निवल्यावर आत पाकासारखा चिकटा. सगळं पुन्हा घासलं. तेल लावून जवळजवळ पुसूनच टाकायचं, धूर येईपर्यंत तापवायचं, असं तीन-चारदा. मग तो थर लोखंडाला धरतो. आता अंड्याची भुर्जीसुद्धा सुटून येते.

कोपरखैरणे
सासूबाईंनी आमचा वॉक पाहिला, अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवून आतून फिरवला. आंबोळीच्या बिडाच्या तव्याला त्या जन्मभर हेच करत आल्यात. फरक एवढाच की बीड जाड, उशिरा तापतं, उशिरा निवतं. हा पत्रा गॅस बारीक केला की लगेच उतरतो.

घोडबंदर रोड
इंडक्शनवाल्यांनी सपाट बुडाचाच घ्या. गोल बूड काचेला ठिपक्याएवढंच टेकतं, शेगडी बऱ्याचदा भांडं ओळखतच नाही. आमचा आता चिवड्याचे पोहे भाजायला गावी असतो.

वाशी
स्टेशनजवळच्या चायनीजच्या गाडीसारखी चव घरी येत नाही म्हणून वॉकला दोष देऊ नका. तो धुरकट खमंगपणा, कँटोनीज लोक ज्याला 'वॉक हे' म्हणतात, जाळातून येतो. घरचा मोठा बर्नर 2 ते 3 किलोवॅटचा, हॉटेलातली चायनीज भट्टी 20-30 किलोवॅटपर्यंत जाते. चौघांचा भात एकदम टाकलात की वॉक गार पडतो, भाज्यांना पाणी सुटतं आणि होते ती खिचडी. मी एका वेळी दीड वाटी भात टाकते, तोही आदल्या रात्रीचा, फ्रिजमधला, हाताने मोकळा केलेला. कोबी धुऊन पंचावर तासभर पसरायचा. सॉस मधोमध नाही, कडेने सोडायचा. तापलेल्या पत्र्यावर चर्र झाला पाहिजे. आधी खाणारा तक्रार करत नाही, चौथ्याचा नंबर लागेपर्यंत मात्र घरात भांडण.

नेरुळ
नॉनस्टिक वॉक असेल तर वरचं काहीही करू नका. तो लेप 260 अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतो आणि रिकामं भांडं तिथवर फार लवकर पोचतं.

कळवा
टोमॅटोची चटणी केली. आंबटाने महिन्याचा काळा थर एका दुपारी उतरवला, चटणीला लोखंडाची चव. जुलैत चार दिवस गावाला गेलो, आलो तर आत तांबडा गंज. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवत नाही आता.

बेलापूर
थोडा विरोधी सूर. घरात चांगली लोखंडी कढई असताना दुसरी चिनी कढई कशाला? दोन कानांचा वॉकही असतो, तो तर थेट कढईचा भाऊ. लांब दांड्याचा घेतला तर उडवता येतं हे मान्य. माझा पहिला भात चिमणीच्या जाळीत गेला.

धागाकर्ती
काढला बाहेर. गंज आहे, भोक नाही. जांभळी नाक्यावरून काथ्या आणला, ऐरोलीकरांच्या पद्धतीने दोनदा तेल झालं. बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या, पाच-सहा चिकटल्या. लेकीने त्याच खरवडून खाल्ल्या.