आयर्न वाढवलं आणि हायड्रोजन कमी झाला, असं का होतंय?

माटुंगा_लॅब: नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट डार्क फर्मेंटेशनवर (उजेडाशिवाय जंतूंकडून साखरेपासून हायड्रोजन करून घेणं) चालू आहे. बायोगॅस प्लांटचा स्लज आणला, अर्धा तास उकळला म्हणजे मिथेन करणारे मरतात आणि क्लॉस्ट्रिडियमचे स्पोअर टिकतात, मग ५०० मिलीच्या बाटल्यांमध्ये ग्लुकोज लिटरला १० ग्रॅम, पीएच ५.५, तापमान ३७. साध्या मीडियमवर ग्लुकोजच्या एका मोलला दीड मोलच्या आसपास हायड्रोजन मिळत होता. मग हायड्रोजिनेजला (जंतूंमधलं हायड्रोजन बनवणारं एन्झाइम) लोह लागतं म्हणून फेरस सल्फेट दुप्पट केलं, आणि पीएच सारखा घसरतो म्हणून फॉस्फेटही वाढवलं, तर गॅस निम्म्यावर आला! तीनदा करून बघितलं, तेच. दोन महिन्यांत सबमिशन आहे, प्लीज कोणीतरी सांगा काय चुकतंय.

ठाणे_स्लो_लोकल: आधी एक सांग, सगळे सॉल्ट एकाच स्टॉकमध्ये (आधी करून ठेवलेल्या दाट द्रावणात) घालून ठेवतेस का? तळाला निळसर पांढरा गाळ दिसतो का? दिसत असेल तर लोह आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसलंय, तू कागदावर दुप्पट घातलंस पण जंतूंना दोन्ही मिळत नाहीयेत. लोहाचा स्टॉक वेगळा ठेव, रोज ताजा कर, थेंबभर ॲसिड घाल आणि सगळ्यात शेवटी टाक. पिवळसर तपकिरी झाला की फेकून दे. आणि बाटली उघडताना सडक्या अंड्यासारखा वास येतो का तेही बघ.

माटुंगा_लॅब: दादा आत्ता जाऊन बघून आले, गाळ आहे, अगदी निळसर!! आणि वासही येतो, सुई काढली की लगेच. दुप्पट लोहवाल्या बाटल्यांमधला स्लज तर काळाकुट्ट झालाय, मला वाटलं उकळल्यामुळे असेल.

ठाणे_स्लो_लोकल: काळा रंग आयर्न सल्फाइडचा. फेरस सल्फेटबरोबर सल्फेटही दुप्पट झालं ना, सल्फेट खाणारे जंतू तुझाच हायड्रोजन वापरून हायड्रोजन सल्फाइड करतात. ५.५ ला ते जोरात नसतात पण त्यातले डिसल्फोटोमॅक्युलमसारखे काही स्पोअर करतात, ते उकळूनही उरतात. फेरस क्लोराइड वापर. आणि बाटल्या फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचणारं लॅबचं कपाट) उघड गं, तो वायू विषारी आहे.

डोंबिवली_बायोगॅस: वरचं सगळं बरोबर आहे, पण मला नायट्रोजनबद्दल बोलायचंय कारण तिकडे कोणी लक्षच देत नाही. १० ग्रॅम ग्लुकोजमध्ये कार्बन ४ ग्रॅम, त्यात १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलंस तर नायट्रोजन ०.२६ ग्रॅम, म्हणजे सी-एन (कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण) साधारण १५. नायट्रोजन कमी पडला तर जंतू वाढत नाहीत, जास्त झाला तर अमोनिया त्रास देतो. पुढे तू कँटीनचा उरलेला डाळभात घेणार असशील (सगळे घेतातच) तर डाळीत नायट्रोजन आधीच भरपूर असतो, ग्लुकोजची रेसिपी तशीच उचलून चालणार नाही, आधी फीडचा टीकेएन (नायट्रोजन मोजायची केल्डाल टेस्ट) आणि फॉस्फरस करून घे. निकेल-कोबाल्टवर पण हात आखडता ठेव, मिथेनवाल्यांना ते फार आवडतं आणि रिॲक्टर सतत चालवलास तर ते परत येऊ शकतात.

शिवाय नुसता गॅस मोजू नकोस, ॲसिडही बघ. सगळं ॲसिटेटकडे गेलं तर एका ग्लुकोजला ४ मोल हायड्रोजन, ब्युटिरेटकडे गेलं तर २. ॲसिटेट भरपूर आणि हायड्रोजन कमी असं दिसलं तर होमोॲसिटोजेन (हायड्रोजनपासून ॲसिटेट करणारे जंतू) हायड्रोजनच कार्बन डायऑक्साइडबरोबर खातायत, तिथे पोषण बदलून काही होणार नाही. आणि लोह-फॉस्फेट एकेक करून बदलू नकोस, दोघांचं एकमेकांवर अवलंबून आहे हे तू आत्ताच बघितलंस, प्रयोगाच्या डिझाइनमध्ये दोन्ही एकत्र घे.

माटुंगा_लॅब: ताई, दादा, खूप खूप आभार, तीन आठवडे डोकं धरून बसले होते. उद्या चार सेट लावते: जुनं मीडियम, फेरस क्लोराइड वेगळ्या स्टॉकमधून, तेच पण फॉस्फेट कमी, आणि चौथ्यात लोह न वाढवता नुसतं सोडियम सल्फेट, म्हणजे गॅस सल्फेटनेच खाल्ला की गाळाने ते कळेल. शुक्रवारी जीसीचे (गॅस क्रोमॅटोग्राफ, गॅसमध्ये काय किती आहे ते मोजणारं यंत्र) आकडे इथेच टाकते.